कॅपिटलमधली कुजबुज

“नाना, तिसऱ्या प्रकरणापासून सगळे ओरडतायत!” बाई ओरडल्या.

कादंबरी इंग्रजी. ती ब्रेलमध्ये आणायचं काम बाईंचं. तिसऱ्या प्रकरणात एक दारुडा सासरा जिन्यात उभा राहून पानभर बोंबलतो. छापील पुस्तकात ते सगळं कॅपिटल अक्षरांत आहे. ब्रेलला वेगळी कॅपिटल अक्षरं नसतात. उताऱ्याआधी एक खूण द्यायची, की इथून कॅपिटल सुरू. आणि संपला की दुसरी, की आता पुरे. बाईंनी पहिली दिली. दुसरी द्यायच्या वेळी संस्थेच्या संचालकांचा फोन आला, आणि ती राहूनच गेली.

परिणामी सासरा चौथ्या प्रकरणात मरतो, पण आवाज मागे ठेवून जातो. त्याच्या मयतीला लोक कॅपिटलमध्ये हळहळतात. नायक-नायिका वाचनालयात कॅपिटलमध्ये कुजबुजतात. अंगाईसुद्धा कॅपिटलमध्ये. तरी बाळ झोपतं, हे लेखिकेचं कौशल्य.

आणि सगळ्या प्रती छापून, बांधून दाराशी तयार. अंध मुलांच्या शाळेची गाडी दुपारी येणार, पुस्तक परीक्षेला लागलेलं. पुन्हा छापायला कागद नाही. कागद मागितला की संचालक विचारायचे, “आता ऐकायची पुस्तकं मिळतात की. हा ब्रेल विभाग हवाच कशाला?” या वेळी त्यांनी विचारायचीही तसदी घेतली नसती. सरळ कुलूप लावलं असतं.

शेवटची तपासणी नानांची. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं, पण सुटलेला स्वल्पविरामही त्यांच्या बोटाला बोचायचा. त्यांनीच हे पुस्तक ‘निर्दोष’ म्हणून पुढे पाठवलं होतं.

बाईंनी एक प्रत त्यांच्या पुढ्यात आपटली. “आजारी मावशी शेवटचे श्वास मोजतेय, आणि बोलतेय कशी, तर गल्ली गोळा होईल अशी! तुम्हाला एकदाही वाटलं नाही, काहीतरी चुकलंय?”

“वाटलं की. सुरुवातीला वाटलं.”

“मग! बोलला! का! नाहीत!” बाईंनी एकेक शब्द सुटा करून विचारला. खिडकीची काच थरथरली.

नानांनी पानावरून हात उचलला.

“म्हटलं, आमच्यासाठीच काढलंय, म्हणून मुद्दाम मोठ्याने लिहिलं असेल. दिसत नाही म्हटलं की सगळे आमच्याशी तसंच बोलतात. मुलांनाही सवय असेल. पाठवा खुशाल.”

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण आवाज केवढा लावावा, ते सुचेना.