कोंडातला शेवटचा नर

"सूनबाई, आधी देवीच्या कोंडातल्या माशांना मूठभर कुरमुरे, मगच आपल्या तोंडात पाणी. वचन दे मला." सासूबाई जाऊन अकरा वर्षं झाली, पण इंदुमतीने नेम एकदाही मोडला नव्हता.

आज सकाळी कोंडाच्या, नदीतल्या त्या खोल डोहाच्या, पायऱ्यांवर मत्स्य खात्याच्या शाल्मलीने एका खडस माशाच्या रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला. साऱ्या नद्यांत मिळून या जातीचा तेवढा एकच नर उरला होता. पट्टी निळी झाली.

"याच्याही रक्तात मादीसारखा अंड्याचा बलक, काकू. नदीत औषधांचं सांडपाणी येतं ना, नराच्या शरीराला वाटतं आपण मादीच आहोत."

"अगं बाई! आणि आम्ही खुळ्या, सगळ्यांचीच पोटं फुगलेली बघून देवी पावली म्हणून ओटी भरली यांची!"

शाल्मलीला हसू आलं, पाठोपाठ डोळेही भरले. "आता पिल्लं नाहीत व्हायची. हे आहेत ते मात्र पंधराएक वर्षं जगतील."

"पंधरा?" सत्तरीच्या इंदुमतीने आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवला. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंबही गेला नव्हता. तिने कुरमुऱ्यांची पिशवी उचलली आणि बसत बसत एकेक पायरी उतरू लागली.