कानबाईपुढचा माईक

माईक ओठाला लागला आणि कुंदाबाई किंचाळली. भोंग्यांनी ती किंचाळी पार एसटी स्टँडापर्यंत पोचवली. पोरांना वाटलं, गाण्यातलीच तान आहे. मेल्यांनी शिट्ट्या मारल्या.

दाताखाली येऊन तिचा ओठ फाटला होता. तिने पदर माईकला गुंडाळला आणि कानबाई देवीचं गाणं पुन्हा धरलं. पण आवाज कसला, डब्यात माशी कोंडल्यासारखा. वर सारखं घूंऽऽ चालूच. मागच्या सालापर्यंत मंडळाचा आवाजाचा मिक्सर उचलायला दोन गडी लागत. त्यातून बाईचा श्वाससुद्धा सुटा ऐकू यायचा. मंडळाचा पुढारी प्रेमराज, त्याने तो विकला आणि हे स्वस्तातलं खेळणं आणलं. दिवे मात्र असे की नवरीने लाजावं.

"पदर काढ वो अक्का, आवाज दबी राह्यना," मिक्सरमागून प्रेमराज ओरडला.

"भाऊ, माईकमा करंट शे."

"करंट नही. तुन्हा आवाजच फाटेल शे. उतर खाले. चाल वो मेघा, तू म्हन!"

लोक हसले. मेघा, कुंदाबाईची लेक, पुढे झाली. सकाळच्या सड्याने सतरंजी चिंब होती, आणि समोर देवी बसलेली म्हणून मंडपात सगळेच अनवाणी.

कुंदाबाई बाहेर गेली. रबरी चपला घातल्या आणि तशीच आत आली. थेट देवीपुढे.

"वो कुंदा! चपला!" म्हातारी प्रमिलाबाई कपाळ बडवायला लागली.

मेघाचा हात माईकपाशी पोचलाच होता. कुंदाबाईने स्टँडला लाथ घातली. माईक आपटला तसा भोंगा तोफेसारखा धडाडला. प्रेमराज टेबल ओलांडून धावला, तिचा अंबाडा धरला आणि डोकं मंडपाच्या खांबावर आपटलं. बाई खाली पडली ती स्टँडवरच. उठली ती तो लोखंडी स्टँड घेऊनच. पहिला तडाखा त्याच्या गुडघ्यावर घातला. तो वाकला तसा दुसरा तोंडावर. मेघा "आई, आई" करत मागे ओढत होती, पण कुंदाबाईला कोण आवरणार?

दोन माणसं पुढे आली. कुंदाबाईने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. दोघं जागच्या जागी थांबली.

मग तिने पदरात धरून माईक उचलला. कपाळाचं रक्त डोळ्यात उतरत होतं, ते पुसलंसुद्धा नाही. गुडघ्यावर बसलेल्या प्रेमराजपुढे माईक धरला.

"करंट नही ना? मंग धर. म्हन, कानबाई माय की. बठ्ठं गाव जय म्हनाले उभं शे."

सवय ती सवय. सगळ्या गावाने हात वर केले आणि ते वाट पाहू लागलं. भोंगा घूंऽऽ करत राहिला.

प्रेमराजने दोन्ही हात पाठीमागे घेतले.