पिसलेल्या नळ्या

वीस हजार जनुकांमधून संख्याशास्त्रज्ञ बाईंनी एक हुडकून काढलं होतं, जे रोग्यांच्याच रक्तात जोरात काम करत होतं. दोन वर्षांची मेहनत होती, शोधनिबंध उद्या छापायला पाठवायचा होता, आणि आज त्यांच्या लक्षात आलं की तपासणीचं यंत्र काही काही दिवशी सगळेच आकडे फुगवून दाखवतं. रोग्यांचे नमुने नेमके त्याच दिवशी लागले असतील, तर हा शोध रोगाचा नव्हताच, यंत्राच्या लहरीचा होता.

प्रयोगशाळेत नमुन्यांच्या नळ्या यंत्रात लावणाऱ्या मामांची नोंदवही त्यांनी उघडली. रोगी, निरोगी, निरोगी, रोगी. रोज नुसती सरमिसळ. त्यांनी प्रत्येक दिवसाच्या रोग्यांची त्याच दिवसाच्या निरोग्यांशी तुलना करून पाहिली. जनुक जागचं हललं नाही; शोध खरा होता.

"मामा, आधी सगळे रोगी, मग निरोगी, असं क्रमाने लावायला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं की. पण यंत्राचा काय भरवसा, बाई? त्याचं डोकं फिरलेल्या दिवशी सगळे रोगीच तावडीत सापडले तर? म्हणून मी नळ्या पत्त्यांसारख्या पिसून घेतो." मामांनी खिशातून एक कागद काढला. "उद्यापासून मात्र क्रमाने लावतो. माझ्या गबाळेपणाची तुम्ही तक्रार केली होतीत ना, त्यावर साहेबांचं पत्र आलंय."

बाईंनी हात पुढे केला. "ते पत्र द्या इकडे. आणि तुमचं पूर्ण नाव सांगा, निबंधावर माझ्या नावाशेजारी घालायचंय."