डावीकडचं दार

“‘इंजिन थोडं तेल पितं’ असं लिही. ‘मागच्या पत्र्याला गंज आहे’ तेही लिही,” घड्याळजी म्हणाले आणि पुन्हा खिडकीपाशी गेले. सकाळपासून त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता.

बायकोने लिहिलं. पाच वाजेपर्यंत जाहिरात वर्तमानपत्राच्या कचेरीत पोचवायची होती. जुन्या गाडीचे दोष आधी सांगा, म्हणजे गुणांवर विश्वास बसतो, असं तिथल्या माणसाने बजावलं होतं. घड्याळजींची नजर अधू झाली होती. दुकान गेल्या वर्षी बंद केलं, आता गाडीची पाळी. फिकट हिरवी, गोल दिव्यांची, चाळीस वर्षं एकाच हातात राहिलेली गाडी बाहेर उभी होती. कदर करणारं कुणी भेटलं नाही, तर भंगारवाला टपलेलाच होता.

“झालं. दे पाठवून.”

“डावीकडचं दार राहिलं,” ती म्हणाली. “आतून उघडत नाही ते.”

“ते नको लिहू.”

“का?”

“नको म्हटलं ना.” घड्याळजींनी चष्मा पुसायला काढला. त्या चष्म्याचा त्यांना आता काडीचा उपयोग नव्हता.

तिला हे झोंबलं. या माणसाने आयुष्यात कुणाच्या घड्याळात जुनी स्प्रिंग घालून नवी म्हणून सांगितली नव्हती. आणि आता म्हातारपणी ही लपवाछपवी. शिवाय दुखणं जुनं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्या दाराची आतली मूठ अडून बसली. तेव्हापासून बाजार असो, दवाखाना असो, कुणाचं लग्न असो, ती आत बसून राहायची. हे उतरणार, गाडीला वळसा घालून येणार, मग तिची सुटका. तोवर मागे बसलेल्या सासूबाई आपलं दार उघडून, खाली उतरून, पदर सारखा करून मोकळ्या. गाडीचं इंजिन दोनदा खोललं, सीट नव्या केल्या, पण तिच्या दाराला काही मुहूर्त लागला नाही.

“सगळ्या जगाची घड्याळं दुरुस्त केलीत,” ती म्हणाली, “माझ्या बाजूची एक मूठ तेवढी जमली नाही. दिव्याखाली अंधार. निदान गिऱ्हाइकाला तरी खरं सांगा.”

घड्याळजी कोपऱ्यातल्या खुर्चीपर्यंत गेले, परत आले.

ती कागद घेऊन तशीच उठली. दोष लिहायचा तर नीट बघून लिहायचा. ती बाहेर गेली, गाडीत आपल्या जागेवर बसली आणि दार आपटून लावलं. मूठ कुठे अडते ते बघावं म्हणून तिने ओढली.

दार उघडलं.

नीट लागलं नसेल, असं वाटून तिने पुन्हा जोरात ओढून घेतलं. पुन्हा मूठ ओढली. पुन्हा उघडलं. मग तिने निरखून पाहिलं. बाकीच्या तिन्ही मुठी हाताने घासून काळवंडल्या होत्या. ही अजून लखलखत होती. मोडलेल्या गोष्टीला कोण कशाला हात लावतं? तिनेही इतक्या वर्षांत लावला नव्हता.

दार आपटल्याचा आवाज ऐकून घड्याळजी पायरीवर आले होते.

“कधी दुरुस्त केलंत हे?”

“मोडलं त्याच आठवड्यात.”

तिने लखलखत्या मुठीवरून बोट फिरवलं.

“आई मागे बसायची,” घड्याळजी म्हणाले. “बायकोसाठी उतरून दार उघडतो म्हटल्यावर घरादाराने मला बाईलवेडा ठरवलं असतं. दारच मोडकं म्हटल्यावर कोण काय बोलणार?”

“सासूबाईंना जाऊन अठरा वर्षं झाली.”

“हो.” घड्याळजींनी हाताने कठडा चाचपला. “पण मग तुला सांगायचं कसं, तेच सुचेना.”

पाचाला वीस मिनिटं कमी होती. तिने मांडीवरचा कागद घडी करून कमरेला खोचला. पाय आत घेतले, दार ओढून लावलं आणि काच खाली केली.

“अहो,” ती म्हणाली, “दार उघडत नाहीये.”