दुसरी रिंग
सेकंडहँड गाडी घेतली, तेव्हा तिचा ऑइल फिल्टर बाबांनीच बदलला. आयुष्यभर मेकॅनिक होते ते. आठवडाभरात गाडीखाली फरशीवर ऑइलचे थेंब दिसू लागले. शेवटी आम्ही दोघं त्यांच्या जुन्या चेल्याच्या गॅरेजात गेलो. त्याने इंजिन पुसून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली आणि गाडी सुरू केली. पावडरीवर ओली रेघ उमटली, ती थेट फिल्टरपासून. फिल्टर काढला, तर एकीऐवजी दोन रबरी रिंगा! जुन्या फिल्टरची रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती, ती बाबांना दिसलीच नव्हती; एकावर एक बसलेल्या त्या दोन रिंगांमधून ऑइल झिरपत होतं. चेल्याने ती जुनी रिंग हळूच मुठीत लपवली. “उस्ताद, फिल्टरच खराब निघाला बघा.” “मूठ उघड, लबाडा.” बाबांनी रिंग बराच वेळ बोटांनी चाचपली. “शिकाऊ होतास तेव्हा तूही जुनी रिंग अशीच आत राहू दिली होतीस. मी काय केलं होतं?” “कान पिळला होता.” बाबांनी चष्मा काढला आणि कान त्याच्यापुढे केला.