सात नंबरची नळी

“अहो ताई, तोंड घट्ट धरा! एक पाय तुडवलाय तिने माझा, दुसरा तरी राहू दे,” गुरांचे डॉक्टर म्हणाले.

थोरल्या बहिणीने भुरी गाईची मान छातीशी आवळली. सुई शिरली, नळी भरली. थोरलीने तिच्यावर सात नंबरची चिठ्ठी चिकटवली.

बारा गाई. बारा नळ्या. मेंढ्यांची पाळी पुढच्या आठवड्यात.

रोग आतड्याचा. औषध नाही. गाय खाते-पिते आणि तरी झडत जाते. तिच्या शेणादुधातून वासरांना लागतो, कुरणातून मेंढ्यांना. दोन वर्षांत दोघी बहिणींच्या पाच गाई गेल्या, तेव्हा धाकटीने नियम घातले. वासरू जन्मलं की आईपासून तोडायचं. मेंढ्यांचं कुरण वेगळं. बूट धुतल्याशिवाय गोठ्यात पाऊल नाही. आणि जिच्या रक्तात रोग, ती कत्तलखान्यात. लाडकी असो की दोडकी.

“हे माझ्याकडे बघून म्हणतेस?” थोरलीने तेव्हा विचारलं होतं.

“भुरीकडे बघून. बरगड्या मोज तिच्या.”

“उन्हाने उतरलीय जरा.”

“हो ना. ऊन एकटीलाच लागतं तिला.”

भुरीला थोरलीने बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. थोरलीला मूलबाळ नव्हतं. धाकटी तेवढं एक कधी बोलून दाखवत नसे.

डॉक्टर हात धुवायला गेले, धाकटी चहा टाकायला. नळ्यांपाशी थोरली एकटी.

बाराव्या नळीत लंगडीचं रक्त होतं. लंगडी भाकड, तशीही पुढच्या महिन्यात कत्तलखान्यातच जायची.

थोरलीने सात आणि बाराच्या चिठ्ठ्या सोलल्या. अदलाबदल केली. पुन्हा चिकटवल्या.

चहा झाला. नळ्यांचा खोका डॉक्टरांच्या जीपपर्यंत धाकटीनेच नेला.

तीन आठवडे थोरलीला घास गोड लागला नाही. भुरी खरंच रोगट असली तर? वासरांच्या डोळ्यांकडे बघवेना. दोनदा ती धाकटीला सांगायला गेली. दोनदा मीठ मागून परतली.

मग डॉक्टर कागद घेऊन आले.

“एकच निघाली. सात नंबर. भुरी.”

थोरलीला आधी काही उमगेना. मग उमगलं, आणि तिला रडता रडता हसू फुटलं. सातच्या नळीत तर लंगडीचं रक्त! भुरी ठणठणीत होती. तिला फासावर चढवलं होतं ते थोरलीच्याच हातांनी.

लाज गेली चुलीत.

“डॉक्टर, भुरीला नेऊ नका. चिठ्ठ्या मी बदलल्या होत्या. सात आणि बारा. ते रक्त लंगडीचं आहे. काय शिव्या घालायच्या त्या मला घाला.”

थोरली धाकटीच्या भडक्याची वाट बघत उभी राहिली.

धाकटी भडकली नाही. ती गव्हाणीच्या काठावर मटकन बसली.

“ताई,” ती म्हणाली, “तुझी भुरी वाचावी म्हणून जीपपाशी मीही बदलल्या गं. ह्याच दोन.”