अकरा पावलं

गोलरेषेवर चार माणसं होती, एक पोलादी टेप होता, आणि रेषेपासून दहा मीटर एकवीस सेंटिमीटरवर पेनल्टीचा पांढरा ठिपका होता. तो अकरा मीटरवर असायला हवा होता.

"एकोणऐंशी सेंटिमीटर खाल्ले," फरशीवाला म्हणाला. "मैदानाला लावता लावता आम्हालाही चुना लावलात."

फरशीवाला हा पाहुण्या संघाचा मॅनेजर. रविवारी ह्याच ठिपक्यावरून मारलेली पेनल्टी अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आत गेली, आणि त्या एका गोलानं त्याच्या संघाची लीगमधली पहिली जागा गेली. दिवसभर फरशा मोजून बसवणारा माणूस. त्याच्या नजरेला तेव्हाच खटकलं होतं. मंगळवारी संध्याकाळी तो लीगच्या अध्यक्षबाईंना घेऊन आला.

ज्यांच्यावर तो बोट रोखून उभा होता त्यांना सगळे मीटरकाका म्हणत. एकतीस वर्षं मैदानाची आखणी त्यांच्याकडे होती. तरुणपणी घोटून घोटून त्यांनी आपलं पाऊल बरोबर एक मीटरचं केलं होतं. गोलरेषेपासून अकरा पावलं टाकायची आणि ठिपका द्यायचा. दुसऱ्या क्लबांची माणसं पैज लावून टेप घेऊन यायची आणि काकांना चहा पाजून परत जायची.

"मी खाल्ले?" काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझं शेंबूड पुसायचं वय होतं तेव्हापासून मी इथं रेघा ओढतोय."

"म्हणूनच हात साफ झालाय. तुमचा कप्तान तुमचा सख्खा पुतण्या. घरच्यासाठी ठिपका जरा अलीकडे सरकला, तर कोण बघायला बसलंय?"

"तोंड सांभाळा," पुतण्या पुढे सरला.

"मागे हो," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्या औषधांच्या दुकानातून तशाच आल्या होत्या आणि त्यांना परत जाऊन दुकान बंद करायचं होतं. "मुद्दाम केलं असेल तर तुमचा क्लब खालच्या गटात जाईल. चूक असेल तर सामना पुन्हा होईल आणि आखणी दुसऱ्या कुणाकडे जाईल. पलीकडची बाजू मोजा."

पलीकडे अकरा भरणार, ह्याबद्दल फरशीवाल्याला शंका नव्हती. भरले दहा मीटर चार सेंटिमीटर.

"बघा," पुतण्या म्हणाला. "उत्तरार्धात हा गोल आम्ही राखत होतो. काका आमच्याच पायावर धोंडा पाडतील का?"

"दोन्हीकडे कापलं की संशय येत नाही, एवढी अक्कल आहे त्यांना. नाहीतर चालून दाखवा म्हणावं. पाऊल अजून मीटरचं भरलं, तर रविवारचा ठिपका डोळे उघडे ठेवून दिला होता, हे त्यांचेच पाय सांगतील."

अध्यक्षबाईंनी काकांकडे पाहिलं. काका टेपकडे पाहत होते. पलीकडची बाजू आणखी कमी भरली तेव्हाच त्यांना सगळं कळलं होतं. रविवारी आधी पहिल्या गोलचा, दहा एकवीसचा ठिपका दिला होता. मग चुन्याची गाडी ढकलत सगळ्या रेघा ओढल्या होत्या, आणि शेवटी ह्या पलीकडच्या गोलकडे आले होते. थंडी पडल्यापासून डावा गुडघा त्यांना जिन्यात कठडा धरायला लावत होता. डॉक्टरकडे चला म्हणाली म्हणून बायकोवर ते दोनदा खेकसले होते.

एकदाच जोर करून पाय टाकला असता, तर अकरा मीटर भरले असते. तेवढा दम अजून होता.

"काका, सावकाश," पुतण्या हळूच म्हणाला. "जमेल तसं चाला."

"जमेल तसं म्हणजे काय रे? मी काय पांगळा झालोय?" काका त्याच्यावरच उसळले. मग अध्यक्षबाईंकडे वळले. "एकदा चालून काय कळणार आहे तुम्हाला? रविवारी केलं ते सगळं करतो. पहिल्यापासून. मग मोजा."

दोन्ही ठिपके फरशीवाल्यानं बुटानं घासून पुसले. बघून जुळवायला नकोत.

काका पहिल्या गोलरेषेवरून अकरा पावलं चालले आणि ठिपका दिला. फरशीवाल्यानं मोजलं. दहा मीटर वीस. "एकदा जुळलं म्हणून काही सिद्ध होत नाही," तो म्हणाला, पण त्याचा आवाज उतरला होता.

मग काकांनी गाडी घेतली आणि जुन्या रेघांवरून पुन्हा रेघा ओढल्या. पन्नास मिनिटं लागली. मधल्या रेषेवर ते गुडघ्यावर हात टेकून थांबले, तेव्हा पुतण्या धावत गेला.

"हात लावशील तर याद राख."

पलीकडच्या गोलरेषेवर ते पोचले, तेव्हा घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. फरशीवाला चार हातांवर उभा होता. काकांनी दातओठ खात त्याच्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांत ह्या मैदानावर त्यांना लंगडताना कुणी पाहिलं नव्हतं. रविवारीही ते सगळं आटोपून घरी गेल्यानंतरच माणसं जमली होती.

"पायाकडे बघ," ते म्हणाले. "टेपकडे नंतर."

आणि ते चालले. डावा पाय मागून ओढत. लपवलं काही नाही. प्रत्येक पाऊल मोठ्यानं मोजलं, शिवी हासडावी तसं. अकरा म्हणाले आणि टाचेजवळ मूठभर चुना टाकला.

फरशीवाला खाली बसला. टेप त्यानं दोनदा ताणून पाहिला. अध्यक्षबाईंनी पेन उघडलं.

"बोल," काका म्हणाले. "मोठ्यानं."

"दहा मीटर, चार सेंटिमीटर."